नेरूळहून शहापूर किती लांब?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक व पाच बळी आणि त्याआधी तीनच दिवस, याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जने केलेल्या नाबाद १२७ धावा यांचे कौतुक देशभर झाले व ते यथायोग्यच होते. राज्य शासनानेही राज्यातील विजेत्या खेळाडूंचा रोख पारितोषिके देऊन गौरव केला. हे मैदान ठाणे जिल्ह्यात आहे, ही गोष्ट मात्र त्या जल्लोषात फारशा कुणाच्या ध्यानात आली नसेल. नेरूळचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येते ते महानगर, जिल्हा नव्हे.

परंतु जिल्हा आहे, आणि तो एकच आहे. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले आहेत. एकाच्या टोकाला कसारा घाट, दुसऱ्याच्या टोकाला माळशेज. नेरूळच्या मैदानापासून शहापूरचे किंवा मुरबाडचे अंतर रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटरांहून अधिक नाही. डोळखांब, किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे या गावांतील शाळकरी मुलींनीही तो विश्वविजय दूरदर्शन संचावर वा मोबाईलच्या पडद्यावर पाहिला असेल. त्या मुलींपैकी एखादीला आपणही तेथे खेळावे असे वाटले, तर तिच्यापुढे वाट कोणती आहे? विजयाच्या टाळ्या ओसरल्यानंतर विचारावयाचा प्रश्न हाच होय.

या प्रश्नाचे उत्तर हवेतल्या आशावादाने देऊन भागणार नाही. त्यासाठी खेड्यातून निघून भारताच्या संघापर्यंत पोहोचलेल्या एखाद्या मुलीची वाटचाल नीट तपासून पाहिली पाहिजे. सुदैवाने असे उदाहरण महाराष्ट्रात आहे. किरण नवगिरे ही सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मिरे या गावची शेतकऱ्याची मुलगी. तिच्या कारकिर्दीचा आरंभ क्रिकेटने झाला नाही. ती भाला फेकत असे, गोळा फेकत असे, रिलेच्या शर्यतीत धावत असे. मैदानी खेळांच्या आधारानेच ती शिक्षणासाठी पुण्यापर्यंत आली, विद्यापीठाच्या स्पर्धांत उतरली, आणि सीझन बॉलच्या क्रिकेटशी तिची खरी गाठ पडली ती या टप्प्यावर. ज्या वयात शहरातील मुली राज्याच्या वयोगटांतील संघ पालथे घालून मोकळ्या झालेल्या असतात, त्या वयात ही मुलगी भाला खाली ठेवून बॅट हाती घेत होती.

पुढचा मार्गही सरळ नव्हता. संधीसाठी तिला आपले राज्य सोडून नागालँडच्या संघात पाहुणी खेळाडू म्हणून जावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय ट्वेंटी-२० स्पर्धेत अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिने ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या. त्यांत सोळा षटकार होते. ट्वेंटी-२०च्या डावात दीडशेचा टप्पा ओलांडणारा भारतीय खेळाडू, पुरुषांत वा स्त्रियांत, तोवर झाला नव्हता. पुढच्याच महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजे येथे महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेत तिने ३४ चेंडूंत ६९ धावा फटकावल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर तिच्या अंगावर भारताचा गणवेश चढला. भाला फेकणारी मुलगी पंचविशी उलटल्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू झाली होती.

ही कथा येथे सुफळ संपूर्ण झाली असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. पण वास्तव तसे नाही. भारतातर्फे त्या हंगामात तिच्या वाट्याला मोजके सामने आले, त्यांत मोठी खेळी झाली नाही, आणि संघातील स्थान गेले. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, नेरूळच्या याच मैदानावर, तिने यूपी वॉरियर्सकडून गुजरातविरुद्ध ५३ धावा केल्या. त्या दिवशी तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. पुरस्कर्ता नसलेल्या त्या कोऱ्या बॅटवर तिने आपला आदर्श असलेल्या महेंद्रसिंह धोनीची आद्याक्षरे आणि त्याचा सात हा आकडा स्वहस्ते लिहिला होता. या कृतीचे वृत्तपत्रांनी मोठे कौतुक केले. परंतु ज्या खेळात बॅटची प्रत्येक वीत विकली जाते, त्या खेळात भारतातर्फे खेळून आलेल्या मुलीची बॅट कोरी राहते, यातील अर्थ कौतुकाच्या भरात नजरेआड झाला. तरी ती थांबली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे विश्वचषक स्पर्धा चालू असतानाच, नागपूर येथे पंजाबविरुद्ध तिने अवघ्या ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले. महिलांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमधील ते तोवरचे सर्वांत जलद शतक होते, आणि यावेळी तिच्या अंगावर महाराष्ट्राचा गणवेश होता.

या कारकिर्दीतून काय दिसते? पहिली गोष्ट ही की, खेड्यातील मुलीजवळ बळ नसते, चापल्य नसते, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नवगिरेच्या मार्गावर जी दारे उघडली, ती कुणी तिच्यासाठी म्हणून बांधलेली नव्हती. शाळेत भाला होता म्हणून तिचा हात तयार झाला. मैदानी खेळांतील कामगिरीमुळे पुण्यास जाता आले. पुण्यात क्रिकेट भेटले. महाराष्ट्रात जागा होईना, तेव्हा नागालँडला खेळाडू हवे होते. या साखळीतील एक कडी जरी निसटली असती, तरी आज ते नाव आपल्यास ठाऊक नसते. कर्तृत्व तिचे होते, परंतु वाट योगायोगाची होती. आणि योगायोग ही व्यक्तीच्या चरित्रात शोभणारी गोष्ट असली, तरी जिल्ह्याच्या क्रीडाधोरणात शोभणारी नव्हे.

दोन अन्य खेळाडूंशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. स्मृती मानधना सांगलीची. तिचे वडील आणि भाऊ जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले. भावाचा सराव पाहता पाहता तिने बॅट धरली आणि नवव्या वर्षी ती राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात पोहोचली. सांगली काही मुंबई नव्हे, पण घरातच क्रिकेट होते. राधा यादवची स्थिती याच्या नेमकी उलट. कांदिवलीतील लहानशी खोली, वडिलांचा रस्त्याकडेचा छोटा धंदा, घरात क्रिकेटची परंपरा नाही. पण इमारतीच्या आवारात मुलांबरोबर खेळताना एका प्रशिक्षकाने तिला पाहिले आणि तिच्या आयुष्याची दिशा बदलली. नेरूळला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात या दोघीही होत्या. म्हणजे दारिद्र्य हा अडथळा आहे, पण तो अनुल्लंघनीय नाही. एकीला घराने पाहिले, दुसरीला शहराने. जिला कुणीच पाहत नाही, तिची गुणवत्ता कितीही थोर असली तरी ती तिच्यापाशीच राहते आणि तिच्याबरोबरच संपते.

शहापूर-मुरबाडच्या मुलीकडे पाहणारे कुणी आहे काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. क्रिकेट या तालुक्यांस अपरिचित आहे असे मुळीच नाही. भातकापणी उरकली की रिकाम्या शेतांत आणि माळांवर टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. कुणा पुढाऱ्याच्या नावाचा चषक, मांडव, ध्वनिक्षेपकावरून चाललेले अखंड समालोचन, गावोगावचे संघ, आणि रात्री उजेडात रंगणारे सामने, हे दृश्य आता ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या जीवनाचे अंग बनले आहे. पण या सगळ्या उत्सवात मुली असतात त्या शेताच्या बांधावर, प्रेक्षक म्हणून. पुष्कळदा तेथेही नसतात. गावात क्रिकेटसाठी वर्गणी निघते, मैदान साफ होते, चेंडू येतात. जे नसते ते मुलीला खेळू देण्याचे चलन. मुलाच्या खेळण्याला गाव हौस म्हणते. मुलीच्या खेळण्याला ते कारण विचारते.

आणि हौस करावयाची तर वेळ हवा. या दोन तालुक्यांतील मुलीच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. तानसा हे १८९२ साली पूर्ण झालेले धरण शहापूर तालुक्यात आहे. भातसाही याच तालुक्यात आहे. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग या डोंगरांतून जातो. मुंबईच्या जिमखान्यांची हिरवळ ज्या पाण्यावर राहते, त्या पाण्याच्या उगमाकडील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे अलंकार म्हणून वापरावी लागत नाही. आणि पाणी भरण्याचे काम हे घरातील स्त्रियांचे, म्हणजेच शाळेतून परतलेल्या मुलीचेही काम होय. सरपण, धाकटी भावंडे, चूल यांची त्यात भर घालावी. कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलींचा तर शाळेचा अर्धा हंगामच भट्टीवर जातो, आणि हाच नेमका क्रिकेटचाही हंगाम असतो. आंतरराष्ट्रीय खेळाडू घडविण्यासाठी काय लागते असे विचारले तर तज्ज्ञ मंडळी प्रशिक्षक, आहार, साधने यांची नावे घेतील. येथे पहिली गरज त्याहून साधी आहे: संध्याकाळचा एक तास, जो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जेथे प्यावयास पाणी नाही, तेथे क्रिकेटची भाषा कशाला? आधी नळ द्या, मग बॅट द्या. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु खेळ म्हणजे सर्व गरजा भागल्यावर घ्यावयाचे फराळाचे ताट, अशी कल्पना त्याच्या मुळाशी आहे. मुलांच्या बाबतीत आपण ती कधीच लावत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावांतही चषकाचे सामने होतातच; तेथे कुणी नळाची अट घालत नाही. ती अट मुलीच्याच वेळी आठवते. शिवाय पाण्याचा आणि खेळाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हेतच. मुलीच्या वेळेला किंमत नाही म्हणून तिच्या डोक्यावरचा हंडा वर्षानुवर्षे सहन केला जातो. ज्या दिवशी गाव म्हणेल की आमच्या मुलीला संध्याकाळी सरावाला जावयाचे आहे, त्या दिवशी नळाची मागणीही अधिक मोठ्या आवाजात होईल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हजारांतून एखादीच भारताकडून खेळणार; उरलेल्यांनी काय करावे? हाही प्रश्न रास्त आहे. महिला क्रिकेटचा इतिहासच याचे उत्तर देतो. १९७३ साली पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा तीनच संघ उतरले होते. १९७६ साली भारतीय महिला पहिली कसोटी मालिका खेळल्या. त्या पिढीतील पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी १९९१पर्यंत भारताकडून एकोणीस कसोटी सामने खेळल्या, साठ बळी मिळविले, कर्णधारपद भूषविले. आणि पुढे महिला क्रिकेट संघटनेच्या चिटणीस म्हणून त्यांनीच २००६ साली ती संघटना नियामक मंडळात विलीन होताना पाहिली. त्यांच्या पिढीला खेळाने पैसा दिला नाही. पुष्कळदा पदरचाच खर्च करावा लागला. ज्यांना आधार मिळाला, त्यांतील अनेकींना तो रेल्वेच्या नोकरीने दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष व महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, ही आजची स्थिती त्या पिढीच्या खांद्यांवर उभी आहे. खेळातून देशाचा गणवेश फार थोड्या जणींना मिळतो. पण पोलीस भरतीस लागणारी शरीरसंपदा, नोकरीतील खेळाडूंची राखीव जागा आणि दहावीनंतर शाळा न सोडण्याचे एक सबळ कारण, हे पुष्कळ जणींना मिळू शकते. ज्या घरात मुलीच्या लग्नाची घाई असते, तेथे तिला पुढल्या महिन्यात जिल्ह्याला खेळावयाचे आहे, हे वाक्य कधी कधी कायद्याच्या कलमाहून अधिक उपयोगी पडते.

तेव्हा करावयाचे काय? येथे भव्य अकादमीच्या घोषणेची गरज नाही. अशा घोषणांचे फलक किती काळ उभे राहतात हे आपण जाणतो. आरंभ आश्रमशाळांपासून व्हावा. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांतील ज्या मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात, त्यांची संध्याकाळ तरी पाण्याच्या हंड्यापासून बव्हंशी मोकळी असते. या तालुक्यांत मुलींचा तो मोकळा तास जर कोठे आधीच अस्तित्वात असेल, तर तो तेथे आहे. निवडक आश्रमशाळांत आणि मोठ्या माध्यमिक शाळांत सिमेंटची एकेक खेळपट्टी, तीवर अंथरावयास मॅट, मुलींच्या मापाचे पॅड व हातमोजे, आणि टेनिस बॉलऐवजी सीझन बॉल, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. शालेय क्रीडास्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी उतरंड शासनाने आधीच रचून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पायरीवर मुलींचे संघ कागदावर नव्हे, तर मैदानावर उतरतील एवढे पाहावयाचे. चषक भरविणाऱ्या मंडळांनी स्पर्धेचा एक दिवस मुलींसाठी राखून ठेवला, तर त्यांच्या खजिन्याला मोठेसे भगदाड पडणार नाही.

आणि केवळ क्रिकेटचाच आग्रह धरण्याचेही कारण नाही. नवगिरेचा हात भाल्याने तयार झाला, हे विसरू नये. कसारा घाट चढून पलीकडे गेले की नाशिक जिल्हा लागतो. तेथल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत डोंगरवाटांवर धावता धावता २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवून आली. घाटाच्या त्या अंगाला जे पाय आहेत, तेच या अंगालाही आहेत. शाळेत भाला, गोळा आणि आखलेली धावपट्टी असली, खो-खो आणि कबड्डी नियमाने खेळली गेली, तर त्यांतून क्रिकेटपटू पुढे निघतीलच. न निघाल्या तरी काही वाया जाणार नाही.

सरतेशेवटी सारा भार येऊन पडतो तो शिक्षकावर. त्याच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे हे मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे. कारण खेड्यात मुलीला रोज पाहणारा, घराबाहेरचा, वडीलधारा माणूस दुसरा कोण आहे? राधा यादवला ज्या नजरेने इमारतीच्या आवारात हेरले, ती नजर येथे मधल्या सुटीतल्या पटांगणावर हवी. मुरबाड तालुक्याला हे नवे नाही. फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी एका जिल्हा परिषद शिक्षकाच्या कल्पनेतून आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी-सत्तरी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. त्यासाठी शासनाचा आदेश निघाला नव्हता. या बायकांनाही शिकावेसे वाटत असेल, एवढे एका माणसाच्या मनात आले, आणि गावाने ते मानले. आजीच्या हाती साठ वर्षांनी उशिरा पाटी देणाऱ्या तालुक्याने नातीच्या हाती बॅट किंवा भाला वेळेवर द्यावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून मोटारी आता मुंबईकडे भरधाव जातात. पाणी तर शंभरावर वर्षे जातच आहे. या तालुक्यांतून महानगराकडे जाणाऱ्या वाटा थोड्या नाहीत. त्यांतली एक वाट येथल्या मुलीसाठी, तिच्या पायांनी चालता येईल अशी आणि योगायोगावर न विसंबणारी, असावी. नेरूळ आणि शहापूर यांमधले खरे अंतर त्याच दिवशी मोजता येईल. तोवर किलोमीटरांचा हिशेब व्यर्थ आहे.